कुमुदताईंची द्राक्षबाग

सव्वीस जानेवारीला जोडून सुट्टी आली होती. विचुंब्याच्या एका इमारतीत समोरासमोर राहणारी दोन जोडपी मुश्ताक मुकादमच्या हॉलमध्ये सहलीचा बेत आखत बसली होती. जेरुशाला नांदूर मधमेश्वरचे पक्षी बघायचे होते. मुश्ताकच्या हलीमाला येवल्यात मागावर पैठणी कशी विणतात ते बघायचं होतं. मुश्ताकला दुकान बंद ठेवायला निमित्त हवं होतं. राहता राहिला जेरुशाचा नवरा इनॉक नागावकर. त्याला नाशिकजवळच्या एखाद्या वायनरीत जाऊन वाइन चाखायची होती. त्याच्या ज्यू घरात शुक्रवारच्या प्रार्थनेला वाइनऐवजी मनुकांचं सरबत असायचं. चाळिशी उलटली तरी खरी वाइन काही त्याच्या जिभेला लागली नव्हती.

पण मुश्ताक पाच वेळचा नमाजी. त्याच्या सोफ्यावर बसून वाइनचं नाव कसं काढायचं?

“आणि येताना एक द्राक्षबाग बघू,” इनॉक म्हणाला. “ओळखीतल्या बाईंची आहे.”

“द्राक्षं?” आतून मुश्ताकच्या अम्मींचा आवाज आला. मग त्या स्वतःच बाहेर आल्या. “मंग मी पण येते. मला माझ्या हातानं तोडायचीत. बाईचं नाव काय?”

“कुमुदताई,” इनॉकच्या तोंडून निघून गेलं.

“फोन लाव तिला. औषध किती मारते ते इचारते. पोराबाळांच्या पोटात जाते ते.”

“आत्ता त्या शेतात असतील, अम्मी. उद्या लावू.”

घरी आल्यावर जेरुशाने स्पष्ट सांगितलं, “मी फोनवर तुझी ती खोटी कुमुदताई होणार नाही. समोर जा आणि खरं काय ते सांग.” इनॉक समोर गेला नाही. दुसऱ्या दिवशी त्याने ऑफिसातल्या मनिषाला गळ घातली. मनिषा त्याच्या शेजारच्या टेबलावर बसायची. लग्नाला बरीच वर्षं झालेली, स्वभावाने अबोल. “फक्त औषध कमी मारतो म्हण आणि फोन ठेव,” एवढंच त्याने तिला पढवलं.

संध्याकाळी मुश्ताकच्या हॉलमध्ये स्पीकरवर फोन लागला. मनिषाने औषधाचं सांगितलं. अम्मींनी घरी कोण कोण असतं ते विचारलं. इथे फोन ठेवायला हवा होता. पण मनिषा म्हणाली, “लेक आलीय माहेरी. बऱ्याच वर्षांनी दिवस गेलेत तिला.”

इनॉकने डोळे मोठे केले, पण ते फोनवरून कुणाला दिसणार?

“माशाल्ला! तब्येत बरी हाय ना तिची?”

“तशी बरी आहे. पण घाबरते फार. आधी दोनदा गर्भ पडला. आता कुणाला सांगायचीसुद्धा भीती वाटते तिला.”

“तिला सांग, विचुंब्याची एक म्हातारी तिच्यासाठी दुआ मागतेय. घाबरायचं नाय.”

“सांगते,” पलीकडून एवढंच आलं. मग फोन बंद झाला.

“अगं, एवढी ॲक्टिंग कुणी सांगितली होती?” इनॉकने सकाळी विचारलं. मनिषाने नुसतं “सुचलं ते बोलले” म्हणून कॉम्प्युटरकडे तोंड फिरवलं.

इकडे अम्मींनी ट्रंकेतून जुन्या मऊ साड्या काढल्या आणि बाळासाठी गोधडी शिवायला घेतली. इनॉक जाता-येता उघड्या दारातून बघायचा. अम्मी खिडकीपाशी बसून, चष्मा नाकावर ओढून टाके घालत असायच्या. “रंग बरा दिसतो का रे?” त्या विचारायच्या. “छान आहे,” म्हणून तो घरात पळायचा. मग तो लिफ्ट सोडून जिन्याने जायला लागला. जिनाही त्याच दारासमोरून जातो हे त्याच्या नंतर ध्यानात आलं.

एके दिवशी हलीमा जेरुशाला म्हणाली, “अम्मींनी रोजा धरलाय आज. त्या कुमुदताईंच्या मुलीसाठी.”

जेरुशाने घरी येऊन ते इनॉकला जसंच्या तसं सांगितलं. त्या रात्री त्याला जेवण गेलं नाही.

शनिवारी तो मनिषाला घेऊनच मुकादमांकडे गेला आणि उभ्या उभ्या सगळं बोलून टाकलं. बाग नाही, वायनरी आहे. कुमुदताई नाहीत, ही मनिषा आहे. बोलताना त्याची नजर पायपुसण्यावरून हलली नाही.

“आपल्या घराच्या चाव्या एकमेकांकडे असतात,” मुश्ताक म्हणाला. “आणि तुला मला एवढं विचारता आलं नाही? तू आत गेला असतास, आम्ही बाहेर चहा प्यायलो असतो. तेवढ्यासाठी माझ्या आईला फसवलंस?”

त्याने शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं इनॉकला वाटलं.

अम्मींना वाइनशी काही देणंघेणं नव्हतं. त्यांच्या मांडीवर पुरी झालेली गोधडी होती. “म्हणजे पोरगीच नाय?” त्यांनी हळूच विचारलं. “मी ती दुआ कोणासाठी मागत होते?”

“माझ्यासाठी,” मनिषा म्हणाली.

सगळे तिच्याकडे बघायला लागले.

“लेक वगैरे खोटं होतं. बाकीचं माझंच आहे. ऑफिसात कुणाला सांगितलं नाही, माहेरीसुद्धा नाही. तुम्ही घरी कोण कोण असतं विचारलंत आणि तोंडातून निघून गेलं.” ती रडायला लागली. “फोन ठेवल्यावर मी पहिल्यांदा रात्रभर नीट झोपले.”

अम्मींनी तिला जवळ ओढून बसवलं. हलीमा पाणी आणायला धावली. जेरुशा सकाळी उलट्या होतात का ते विचारू लागली. इनॉकने माफीची आणखी चार वाक्यं पाठ करून आणली होती. त्यातलं एक त्याने सुरू केलं, पण कुणी तिकडे लक्ष दिलं नाही. “जरा सरक,” हलीमा पाण्याचा ग्लास घेऊन येताना त्याला म्हणाली. तो सरकला.

गोधडी मनिषाच्या पिशवीत गेली, तेव्हा कुठे अम्मींना तो दिसला.

“सव्वीस तारखेला जायचं हाय,” त्या म्हणाल्या. “तुझी ती वायनरी पण बघू. तू पी, नायतर नको पिऊ. वेली तर असतील ना तिथं? मी इचारून चार घड तोडीन. गाडी मुश्ताक चालवेल.”

“हो अम्मी.”

“आणि तू मागं, मधोमध बसायचं. नाशिकपर्यंत. येताना पण.”

“हो अम्मी,” इनॉक म्हणाला. त्याला गाडी लागते हे अम्मींना चांगलं ठाऊक होतं.