यशोदक्काकडचा पंधरा किलो कचरा

आपलं शहर किती उधळं आहे ते सात दिवसांत ग्रॅममध्ये मोजून दाखवतो, असं मी हेगडेसाहेबांना छातीठोकपणे सांगितलं. नगरपालिकेत बावीस वर्षं काढलेल्या माणसाला साधा कचरा मोजता येऊ नये?

सुरुवात आमच्याच गल्लीपासून केली. बारा घरं, सेहेचाळीस माणसं. पहिल्या दिवशी काट्यावर साडेसतरा किलो. फणसाची सालं, नारळाच्या शेंड्या, सगळं उघडउघड. मग मी एक शहाणपणा केला. "रविवारच्या सभेत प्रत्येक घराचा आकडा वाचणार," असं दारोदार सांगून आलो.

दुसऱ्या दिवशी शेट्टींकडून दीड किलोऐवजी पावशेर. तिसऱ्या दिवशी पैंनी कढीपत्त्याचे चार देठ दिले, तेही मन मोठं करून. मी साहेबांना फोन लावला, "सर, लोक सुधारले." साहेबांनी लगेच बेंगळूरूला कळवलं. तिथून पाहणीला माणसं यायची ठरली.

शेवटचं घर यशोदक्काचं. अठ्ठ्याहत्तर वर्षांची एकटी बाई, खाणं चिमणीएवढं. मी रोज बाहेरूनच पावशेर लिहून मोकळा व्हायचो. पाचव्या दिवशी पाहणीच्या धास्तीने काटा आत नेला. पंधरा किलो.

"अक्का, एकटीचा एवढा?"

"माझा कुठला, भट्रे? गल्लीचा. सकाळी एकेक जणी पिशवी घेऊन येते. नुसती ठेवून कसं जायचं, म्हणून घटकाभर बसते. कॉफी होते. मुलगा दुबईला गेल्यापासून एवढी माणसं घरात आली नव्हती."

"अहो, पण सभेत तुमचं नाव वाचावं लागेल. शहरातली सगळ्यात उधळी बाई म्हणून."

"वाचा की," अक्का शांतपणे म्हणाली. "तेवढी मोजणी आणखी आठ दिवस लांबवता येते का बघा."

मी काहीतरी कडक बोलणार, तेवढ्यात मागच्या दाराने माझी बायको वारिजा आत आली. हातात पिशवी. मला बघून थबकली, मग पिशवी सरळ काट्यावरच ठेवली.

"आता आलाच आहात तर लिहून टाका. दोन किलो."

सभेत मी गल्लीचा एकच आकडा वाचला. माणशी तीनशे ऐंशी ग्रॅम, म्हणजे पहिल्या दिवशी होता तेवढाच. साहेबांना म्हणालो, काट्यात गडबड दिसते, आठवडाभर पुन्हा मोजतो.

बेंगळूरूची माणसं आली, अक्काच्या ओसरीवर दोन तास बसली आणि शेरा लिहून गेली : "कचरा जैसे थे. लोकसहभाग अपूर्व."