हनुवटी जरा खाली

सासऱ्यांच्या दिवाणखान्यातलं जुनं घड्याळ उतरलं, सोफ्यावरची भिंत मोकळी झाली आणि दोन्ही जावयांची झोप उडाली.

"इथे रानातल्या बारशिंग्याचा फोटो लावायचा," सासऱ्यांनी जाहीर केलं. ते परवाना कचेरीतून निवृत्त झालेले. "जन्मभर अर्जांवरची माणसांची तोंडं बघितली. आता जरा दुसरं काही बघू द्या. ज्याचा फोटो चांगला, त्याची भिंत."

धाकटा जावई बँकेत होता. त्याच्याकडे हातभर लांबीची लेन्स होती आणि दर रविवारी जंगलात जायचं वेड होतं. थोरला स्टुडिओवाला. गावातल्या बहुतेकांचे पासपोर्ट फोटो त्यानंच काढलेले. भिंत आपलीच, याबद्दल त्याला तिळमात्र शंका नव्हती.

"दादा, तुमचं गिऱ्हाईक स्टुलावर बसतं," साडू गालातल्या गालात हसत म्हणाला. "रानातलं बसत नाही."

"बसवता यावं लागतं," स्टुडिओवाला म्हणाला.

रविवारी उजाडता उजाडता तो बायकोला घेऊन रानातल्या तळ्याकाठी पोचला. लपायला आडोसा हवा म्हणून त्यानं स्टुडिओतला पांढरा पडदा आणला होता. पडद्याच्या खालच्या काठावर, पूर्वी कधीतरी एका प्रदर्शनासाठी, लाल अक्षरांत छापून घेतलं होतं: 'पासपोर्ट फोटो पाच मिनिटांत'.

"रानात पांढरा पडदा?" बायको म्हणाली. "लांबून आपणच दिसू."

"तू बांध तर खरी."

पडदा दोन झाडांना बांधला. पलीकडे तळं, अलीकडे स्टुडिओवाला कॅमेरा घेऊन मांडी ठोकून बसलेला. बारशिंगा पाण्यावर येणार, आपण कडेनं टिपणार, असा साधा बेत होता. बसून बसून कंटाळलेली बायको फ्लास्क विसळायला तळ्यावर गेली. थोड्या वेळानं त्याच्या मानेवर गरम श्वास आला.

"अगं, मानेवर फुसफुसू नकोस. हात हलतो."

"मी तळ्यावर आहे," पडद्याच्या पलीकडून बायकोचा आवाज आला.

त्यानं मान वळवली. बारशिंगा पाण्याकडून यायचा तो मागच्या झाडीतून आला होता. स्टुडिओवाला घाबरला, पण कॅमेरा त्यानं सोडला नाही. बसल्या बसल्याच तो इंच इंच बाजूला सरकला. बारशिंग्यानं पडदा हुंगला, मग वळून त्याच्याकडे पाहिलं. समोर तोंड, मागं पांढरा पडदा. एवढं दिसलं आणि सवयीनं भीतीवर मात केली.

"सरळ बघा," तो म्हणाला. गिऱ्हाइकाला तो नेहमी अहोजाहो करत असे. "हनुवटी जरा खाली."

बारशिंग्यानं हनुवटी खाली घेतली. त्याबरोबर सगळी शिंगं स्टुडिओवाल्याच्या छातीवर रोखली गेली आणि पुढचा खूर माती उकरू लागला.

"एवढी नाही. थोडी वर घ्या."

"कुणाशी बोलताय?" बायको आता पडद्यापाशी आली होती.

"पडद्याला चुणी पडलीय. ताण जरा."

इतक्या वर्षांच्या संसारात हे वाक्य ऐकलं की तिचा हात आपोआप पुढे होई. तिनं पडदा ताणला. कापड फाडकन वाजलं, बारशिंग्याची मान वर झाली, कान टवकारले, आणि स्टुडिओवाल्यानं बटण दाबलं. पुढच्या क्षणी बारशिंगा पडदा शिंगांवर घेऊन तळ्यातून पार झाला. बायको चिखलात बसली होती. फ्लास्क मात्र तिनं सोडला नव्हता.

सासऱ्यांनी फोटो चष्मा पुसून पाहिला. "नजर सरळ. दोन्ही कान दिसतात. मागं सावली नाही. माझ्या कचेरीत असा फोटो क्वचित यायचा."

"पण रान कुठाय?" साडू म्हणाला. "एक पान तरी दिसतंय? पेंढा भरलेलं मुंडकं आणून स्टुडिओत टांगलंय, दुसरं काय."

"मी होते ना तिथे," स्टुडिओवाल्याची बायको म्हणाली.

"तू काय पाहिलंस?" सासऱ्यांनी विचारलं.

"पडदा पळताना."

सासऱ्यांनी फोटो खाली ठेवला. "पत्त्याचा पुरावा नाही. अर्ज तूर्त राहू दे."

स्टुडिओवाल्याच्या जिवाला ते फार लागलं. घरी आल्यावर तो जेवलासुद्धा नाही.

पुढच्या रविवारी साडू दाराएवढी फ्रेम घेऊन आला. गेल्या रविवारी लांबून टिपलेला, तळ्याच्या पलीकडच्या काठाला पाण्यात उभा बारशिंगा, आणि शिंगांवरून खाली ओघळणारं पांढरंशुभ्र काहीतरी.

"धुकं," साडू हळुवार आवाजात म्हणाला. "शिंगांत अडकलंय बघा. असा क्षण जन्मात एकदाच मिळतो."

सासऱ्यांनी भिंग आणवलं आणि फ्रेमला नाक लावलं.

"धुक्यावर काहीतरी लिहिलंय," ते म्हणाले, आणि कचेरीतल्या आवाजात त्यांनी वाचलं, "पासपोर्ट फोटो पाच मिनिटांत."

साडूनं भिंग घेतलं, वाचलं आणि परत दिलं.

"तोच प्राणी, तेच रान," सासरे म्हणाले. "फोटो थोरल्यांचा, पत्त्याचा पुरावा धाकट्यांचा. मंजूर. फोटो वर लावा, पुरावा कोपऱ्यात जोडा."

सर्वांत उंच साडूच होता, म्हणून खिळा त्यालाच ठोकावा लागला. स्टुडिओवाला खाली उभा राहून एक डोळा मिटून बघत होता.

"डावीकडून जरा वर," तो म्हणाला. "हां. आता हलू नका."