बोकडाची मुंडी आणि माझं सात बटणांचं उंदीरयंत्र

आमच्या घराण्यात मांस वाटताना होणारे घोळ मी कायमचे बंद करणार होतो, आणि तेही एका अंगठ्याने! तुम्ही हसाल. तेव्हा तुम्ही हसला असता तर मी तुमची कीव केली असती.

आधी कारण सांगतो. माझी मुलगी एलनुरा हिचं कोचकोरच्या अझिरेतशी जमत आलं होतं. पोरगी त्याचा फोन आला की चहा उतू जाईपर्यंत बोलत बसायची, म्हणजे तिच्या बाजूने काही शंकाच नव्हती. रविवारी मुलाकडचे तेरा जण आमच्याकडे नारीनला येणार, जेवणार, आणि जेवणानंतर विहीणबाई एलनुराच्या कानात डूल घालणार. डूल घातले की ठरलं. पण जेवण मधे होतं ना! बोकडाचं कुठलं हाड कुणाच्या ताटात जातं, यावर आमच्याकडे माणसाची किंमत ठरते. मुंडी सगळ्यात मानाच्या पाहुण्याला, खुब्याचं हाड त्याच्या खालच्याला, मग नळ्या, मग खांदे, मग फासळ्या, मग मान आणि मणके. गेल्या वर्षी माझ्या चुलतभावाने स्वतःच्या मुलीच्या अशाच जेवणात मुलाच्या काकाला खुब्याऐवजी खांदा वाढला. काका हात पुसून उठले, गाडीत बसले, लग्न मोडलं. त्या मुलीचं अजून कुठे जमलेलं नाही.

आमच्याकडे ही वाटणी माझी मोठी वहिनी करते. सैकाल वहिनी. तोंडपाठ! कागद नाही, पेन्सिल नाही. चुलीपाशी उभी राहून ताटांकडे बोट दाखवते आणि ताटं जातात. मी तिला म्हटलं, वहिनी, तुझं वय झालं, एखादं नाव विसरलीस तर माझी पोरगी घरी बसेल. या वेळी यादी कॉम्प्युटरवर होईल, छापली जाईल आणि सगळ्यांसमोर वाचली जाईल. ती म्हणाली, "करा भावोजी. मी कांदे चिरते." हा तिचा मला वेडा म्हणायचा सभ्य प्रकार आहे.

आता कॉम्प्युटर. माझ्या कॉम्प्युटरवर लिनक्स आहे, आणि ते माझ्या मेव्हण्याने, चोरोने घातलेलं आहे. हा चोरो म्हणजे ज्याला स्वतःच्या शर्टाची बटणं नीट लावता येत नाहीत, पण जगातल्या प्रत्येकाच्या यंत्रात काय असावं हे पक्कं ठाऊक असतं, अशा जमातीतला. "दाजी, यात तुम्हाला हवं ते बदलता येतं," हे त्याचं पालुपद. बदलता येतं खरं. फक्त बदलायला एक जन्म काढून ठेवावा लागतो.

मी सात जादा बटणांचा माऊस आणला होता. बेत असा, की एकेका बटणावर एकेक हाड. नावापुढे यायचं, बटण दाबायचं, 'नळी' असा शब्द आपोआप उमटायचा. अंगठ्याखालचं सगळ्यात मोठं बटण अर्थातच मुंडीला. कानाला मात्र मी बटण दिलं नाही. मुंडीचे कान लहान पोरांना कापून देतात, मोठ्यांचं ऐकायला शिकावं म्हणून. पोराटोरांच्या वाट्याला कसलं आलंय बटण!

पहिल्या दिवशी मी चोरोला विचारलं. त्याने एक ओळ लिहून दिली, ती यंत्राला सांगितली, यंत्र गप्प. मग कळलं की ती ओळ जुन्या प्रकारच्या पडद्यासाठी होती आणि माझा पडदा नव्या प्रकारचा आहे. पडदा कोणी बदलला? चोरोने. का? नवा चांगला म्हणून. मग जुन्यावर जे चालायचं ते नव्यावर का चालत नाही? त्यावर त्याने माझ्याकडे असं बघितलं, जसं मी जेवणाच्या चटईवरून बूट घालून चाललो होतो.

दुसऱ्या दिवशी मी एक उपाय शोधला, त्याने अंगठ्याचं बटण मधल्या बटणासारखं वागायला लागलं. मधलं बटण म्हणजे चाक दाबलं की लागतं ते. यात एक खोड आहे, ती लक्षात ठेवा. लिनक्समध्ये कुठल्याही मजकुरावरून माऊस नुसता घासला, की तो मजकूर उचलला जातो, आणि मधलं बटण दाबलं की जिथे असाल तिथे ओतला जातो. कोणी मागितलं होतं? कोणी नाही. पण आहे. मला हे नको होतं, म्हणून मी तो प्रयोग फसला असं समजून पुढे गेलो. तो काढून टाकायचा राहिला.

पाचव्या दिवशी मी लिनक्सवाल्यांच्या चव्हाट्यावर गेलो. इंटरनेटवर अशी एक जागा आहे, जिथे जगभरचे चोरो जमतात. मी सविस्तर, नम्रपणे विचारलं. सहा जणांनी उत्तरं दिली. दोघांनी माझ्या प्रश्नाची मांडणी चुकली म्हणून सांगितलं, तिघं आपसात भांडायला लागले, आणि सहाव्याने लिहिलं: "हे तुला जमणार नाही. आधी पुस्तिका वाच, मग तोंड उघड. नाहीतर गाढवं हाक." शेचाळीस वर्षांच्या माणसाला! पुस्तिका मी वाचली होती. पुस्तिकेत लिहिलं होतं की अधिक माहितीसाठी चव्हाट्यावर विचारा.

माझी बायको बुरुल रोज दारातून डोकावून विचारायची, झालं का? मी म्हणायचो, होत आलं. आठव्या दिवशी मात्र झालं! सातही बटणं बोलायला लागली. मी बारा जणांची हाडं अंगठ्याने आणि बोटांनी टपाटप भरली, आणि तेराव्याची, म्हणजे व्याह्यांची, मुंडी मुद्दाम बाकी ठेवली. पाहुणे यायच्या वेळी, सगळ्यांच्या देखत, एका दाबात भरायची. मला माझा फार अभिमान वाटत होता, हे लपवत नाही.

रविवारी सकाळी वीज गेली आणि आली. कॉम्प्युटर पुन्हा सुरू झाला. यादी शाबूत होती, म्हणून मी निर्धास्त होतो. पण त्या कृतघ्न यंत्राने माझी आठव्या दिवसाची सगळी मेहनत विसरून टाकली होती, आणि दुसऱ्या दिवसाचा फसलेला प्रयोग तेवढा इमानाने जपून ठेवला होता. हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

तेवढ्यात चोरो गरम नान घेऊन आला आणि विचारता झाला, दाजी, जमलं का शेवटी? मी म्हटलं, जमलं, पण तुझ्या लोकांचं वागणं बघ. आणि त्या सहाव्याचं उत्तर उघडून, त्याला नीट दिसावं म्हणून, त्या ओळीवरून माऊस सावकाश घासला. शब्द न् शब्द निळा झाला. चोरोने वाचलं आणि म्हणाला, "तसं त्याचं बरोबर आहे."

मी काही बोलणार, तोच बाहेर गाड्या वाजल्या. बुरुलने हाक मारली. मी यादी पुढे आणली, व्याह्यांच्या नावासमोरच्या चौकटीवर आलो, अंगठा दाबला, काय उमटलं ते न बघताच छापायचा हुकूम दिला आणि टोपी शोधायला धावलो. कागद बाहेर आला, तो चोरोने घडी घालून माझ्या मोठ्या भावाकडे दिला.

ओमुरझाक दादाने तीस वर्षं बस स्थानकावर घोषणा केल्या आहेत. कागदावर असेल ते जसंच्या तसं, एका सुरात वाचायचं आणि अर्थाच्या भानगडीत पडायचं नाही, ही त्याची कारकीर्द. म्हणून वाचायला मी त्यालाच निवडलं होतं.

सगळे बसले. सगळ्यात वरच्या जागी व्याही, देइशेनबाय. त्यांचे घोडे सगळ्या कोचकोरमध्ये नावाजलेले. माणूस घोड्यांखेरीज दुसऱ्या जनावराचं नावसुद्धा घेत नाही. शेजारी विहीणबाई, मांडीवर डुलांची डबी. एलनुरा दाराशी, रुमाल नीट करत. दादा उभा राहिला, घसा खाकरला आणि वाचलं:

"देइशेनबाय. हे तुला जमणार नाही. आधी पुस्तिका वाच, मग तोंड उघड. नाहीतर गाढवं हाक."

आणि तसाच पुढे, "असिलबेक, खुब्याचं हाड. तुरार, नळी." तिसऱ्या नावावर त्याला कळलं की सगळी खोली त्याच्याकडे बघतेय.

देइशेनबायनी ताट हळूच पुढे सारलं. बाजूची टोपी उचलून डोक्यावर घातली. विहीणबाईंनी डबी पिशवीत टाकली. मी एलनुराकडे बघितलं. ती रडत नव्हती. ती माझ्याकडे बघत होती, आणि तिचा विश्वासच बसत नव्हता की हे तिच्या बापाने केलं. नऊ दिवसांत मला पहिल्यांदा भीती वाटली.

मी मधे जाऊन गुडघ्यावर बसलो. म्हटलं, "व्याहीबुवा, हे तुम्हाला नाही. हे मला म्हटलेलं आहे."

"कोणी?"

"एका अनोळखी माणसाने. त्याचं नावसुद्धा मला माहीत नाही."

"तू त्याला काय विचारलं होतंस?"

आता दोन्हीकडच्या मिळून चाळीस माणसांसमोर सांगणं आलं. सांगितलं. सात बटणं, सात हाडं, नवा पडदा, जुना पडदा, घासलेली ओळ, गेलेली वीज, सगळं. चोरो मधेच नव्या पडद्याची बाजू मांडायला लागला, त्याला बुरुलने चिमटा काढला.

देइशेनबायनी सगळं शांतपणे ऐकलं. मग विचारलं, "यादीत माणसं किती?"

"तेरा."

"हाताने लिहायला किती वेळ लागला असता?"

मागून सैकाल वहिनी म्हणाली, "मला तर लिहावंही लागत नाही."

"आणि याला किती लागला?"

"नऊ दिवस," बुरुल म्हणाली. बायको कधी खरं बोलेल याचा नेम नसतो.

पहिल्यांदा हसले ते असिलबेक. मग विहीणबाई. मग सगळी खोली, आणि शेवटी दादाही, काय झालं ते न कळता. देइशेनबाय मात्र हसले नाहीत. त्यांनी टोपी काढून बाजूला ठेवली आणि हात पुढे केला. वहिनीने कागदाकडे न बघता मुंडी त्यांच्या पुढ्यात ठेवली. त्यांनी सुरी घेतली, मुंडीचा उजवा कान कापला आणि शेचाळीस वर्षांच्या माझ्या ताटात ठेवला.

"खा," ते म्हणाले. "आणि घरातल्या बायका सांगतात ते ऐकत जा."

मी खाल्ला. कान रबरासारखा लागतो, चावायला वेळ जातो, तेवढा वेळ सगळे बघत होते. मी चावत असतानाच विहीणबाईंनी डबी पिशवीतून बाहेर काढली आणि एलनुराला जवळ बोलावलं. तिच्या कानात डूल गेले आणि माझ्या घशाखाली कान, दोन्ही एकाच वेळी.

गेल्या महिन्यात लग्न झालं. एकशे चाळीस माणसं! वाटणी सैकाल वहिनीने केली, चुलीपाशी उभं राहून, बोट दाखवून, आणि एकही हाड चुकलं नाही. माझ्या ताटात दोन कान आले. एक व्याह्यांनी पाठवला होता आणि दुसरा वहिनीने.

चोरो परवा येऊन म्हणाला, दाजी, नवी आवृत्ती आली आहे, आता बटणं वीज गेली तरी विसरत नाहीत. मी त्याचं बोलणं मधे न तोडता, शेवटपर्यंत, मान हलवत ऐकून घेतलं. तीन कान पोटात गेल्यावर तेवढं तर होणारच. मग त्याच्यासाठी चहा करायला उठलो, आणि त्याची पाठ वळल्यावर माऊस हळूच खणात ठेवून दिला.