सव्वापाचचं जेवण

आईनं विमानात बरोबर सव्वापाचला जेवायचं, असं भरतेशनं ठरवून टाकलं आणि पुढचं सगळं त्यातूनच घडलं.

आई म्हणजे चंदनबाला, वय बहात्तर. गेली चाळीस वर्षं सूर्य मावळल्यावर तिनं अन्नाचा कण की पाण्याचा घोट घेतलेला नव्हता. सांगलीहून पुणं, पुण्याहून विमानानं कोलकाता आणि पुढं रेल्वेनं जैनांचं तीर्थ शिखरजी, असा बेत होता. जेवण जितकं उशिरा होईल तितकी तिची रात्र सोपी जाईल, हा भरतेशचा हिशेब. अंतर सोळाशे किलोमीटर, वेळ अडीच तास, तीनला उड्डाण. सांगलीच्या कॅलेंडरात डिसेंबरातला सूर्यास्त सहा वाजून एक मिनिटाला. म्हणजे सव्वापाचला काहीच धोका नाही. (हे गृहस्थ बावीस वर्षं हायस्कुलात भूगोल शिकवतायत, हे आधीच सांगून टाकलेलं बरं.)

"आवं, जरा आधी जेवू द्या की त्यास्नी," बायको प्रियदर्शनी म्हणाली.

"अंतर मी काढलंय का तू?" असं म्हणून त्यानं डोळे मिटले, आणि चारच्या आत तो घोरायला लागला.

जाग आली तेव्हा विमानातलं ऊन गेलं होतं. घड्याळात पाच वाजून दहा मिनिटं. आईच्या पलीकडच्या खिडकीतून त्यानं बाहेर पाहिलं. पंखावरचा उरलासुरला तांबूस रंग त्याच्या डोळ्यांदेखत राखाडी झाला. खाली जमीन काळी पडली होती आणि तिच्यावर दिवे लागले होते. अंधार समोरून येत होता आणि विमान आपणहून त्यात शिरत होतं. भरतेशनं घड्याळ कानाला लावलं. ते चालू होतं.

पूर्वेला सूर्य आधी मावळतो. हे वाक्य त्यानं स्वतःच्या हातानं फळ्यावर किती वेळा लिहिलं असेल!

त्यानं आईकडं पाहिलं. तिचा चेहराही त्या उजेडात राखाडी दिसत होता. डोळे मिटलेले, मान कललेली. हात धरला, तर थंडगार.

"आई?"

ओठ किंचित हलले, पण आवाज फुटला नाही. सकाळच्या दोन घासांवर ही बाई आता उद्या उजाडेपर्यंत पाण्याविना राहणार, नाहीतर चाळीस वर्षांचं व्रत मोडणार. आणि हे सगळं आपल्यामुळं! त्याला रडूच कोसळलं.

"चुकलो आई! तुझ्याबरोबर मी बी उद्या दिस उगवस्तोवर अन्न घेणार न्हाई, पाणी घेणार न्हाई. भगवंताच्या साक्षीनं नियम घेतो!"

पुढच्या रांगेतली दोन माणसं वळून बघायला लागली.

"आवं, ऐका तरी—" प्रियदर्शनी म्हणाली.

"मधी बोलू नकोस! घेतला नियम!"

आईनं सावकाश डोळे उघडले आणि मोठा ढेकर दिला.

"णमोकार मंत्र म्हनत हुते रं. आमी दोघी सव्वाचारलाच जेवलो. ढगांच्या सावल्या लांबाय लागल्या, म्हनलं दिस कलला. तुला दोनदा हलीवलं, तर 'अजून तासभर हाय' म्हनून कूस बदललीस."

भरतेशचा हात नकळत डब्याकडं गेला. पोटात कावळे कोकलत होते.

"आता कशाला?" आई म्हणाली. "नियम घेतलास न्हवं? पाळ की मग." मग ती सुनेकडं वळली. "हेच्या वाटणीच्या दशम्या त्या म्होरल्या दोघांस्नी दे गं. बिचारी मगापासनं बघाल्यात."