एक दिवस आधी आलेल्या दाढा

माझ्यासारखी तल्लख बुद्धी शंभर वर्षांत एकदाच जन्माला येते आणि या खेपेला ती आमच्या घरात आली, याबद्दल मी घरच्यांचं अनेकदा अभिनंदन केलेलं आहे. पोटापाण्यासाठी मी वेबसाइट बनवतो, पण पिंड गुप्तहेराचा. समोरच्याच्या बुटावरचा चिखल पाहून तो कुठून आला हे मी क्षणात सांगतो. तो दरवेळी दुसरीकडूनच आलेला असतो, पण त्याला मी काय करणार?

आमची कंपनी दोन माणसांची. मालकीण माझी वहिनी, उरलेला मी. गेल्या महिन्यात आम्ही एका दंतवैद्यांना अपॉइंटमेंटची वेबसाइट करून दिली. काउंटरवर नाव आणि वेळ भरली की रुग्णाला आपोआप मेसेज जातो. तेव्हापासून त्यांचे रुग्ण एक दिवस आधी येऊ लागले. चौदा तारखेची दाढ तेरालाच हजर. सगळे नाहीत, काहीच. पण तीन आठवड्यांत एकोणीस.

तेरा तारखेला सकाळी डॉक्टरांचा फोन आला. "तुमचं यंत्र बरोबर असेल, तर माझ्या काउंटरवरच्या ताई चुकतायत. चूक कुणाची ते बाराच्या आत लेखी द्या. त्यांची असेल तर उद्यापासून दुसरं माणूस बघतो."

"भावजी, आधी आपला कोड बघा," वहिनी म्हणाली.

"वहिनी, गुप्तहेर तपासाची सुरुवात स्वतःच्या घरापासून करत नसतो."

"म्हणून तर सापडत नाही काही," असं म्हणून तिने चपला घातल्या आणि आम्ही दवाखान्यात पोचलो.

तिथे भिंतीवर माणसाएवढ्या दाढेचं चित्र होतं आणि त्याखाली तीन म्हातारी माणसं एक दिवस आधी येऊन बसली होती. मी एका नजरेत ताडलं. वय! विस्मरण! पैकी एका आजोबांपुढे मी उकिडवा बसलो.

"आजोबा, आठवून सांगा. आज सकाळी काय खाल्लंत?"

"खायला दात कुठायत?"

आजोबा निवृत्त शिंपी निघाले. त्यांनी चाळीस वर्षांपूर्वीच्या गिऱ्हाइकांची मापं धडाधड म्हणून दाखवली, आणि माझ्याकडे बघून माझा शर्ट कुणी बिघडवला असेल तेही सांगितलं. तेही खरं निघालं. विस्मरणाचा सिद्धान्त मी मोठ्या मनाने मागे घेतला.

मग माझी नजर रस्त्यापलीकडच्या दुसऱ्या दंतवैद्याच्या पाटीवर गेली. प्रतिस्पर्धी! खोटे मेसेज! मी खांबाआडून पंधरा मिनिटं पाळत ठेवली आणि शेवटी धाड घातली. तो दवाखाना चार महिन्यांपूर्वीच बंद पडला होता. पाटी काढायची राहिली होती, आणि आत आता पडदे विकत होते. मी दोन पडदे पसंत करून परत आलो.

आता उरल्या काउंटरवरच्या ताई. त्यांच्यामागच्या कॅलेंडरचं पान मागच्याच महिन्याचं होतं. एवढा पुरावा मला पुरेसा होता.

"ताई, तुम्ही तारखा चुकवता."

"अहो, मी स्क्रीनवर चौदा टाकते, स्क्रीनवर चौदाच दिसतं. मेसेज तुमचं यंत्र पाठवतं." त्यांनी अपॉइंटमेंटची वही माझ्यापुढे सरकवली. "अकरा वर्षं इथे बसतेय मी. आजवर एक नाव चुकलं नाही माझं."

"यंत्र खोटं बोलत नाही," मी म्हणालो. तेच वाक्य अहवालात लिहिलं, आणि खाली लिहिलं, 'दोषी: काउंटरवरच्या ताई.' बाराला दहा कमी होते. ताई ड्रॉवरमधला आपला चष्मा आणि डबा पिशवीत भरू लागल्या. मला पहिल्यांदाच कसंसं झालं, पण गुप्तहेराला मन आवरावं लागतं.

इतक्यात शिंपीआजोबांची बायको, म्हणजे आजी, त्यांना घरी न्यायला आल्या, त्या तावातावानेच.

"सांगत होते ना, उद्या आहे म्हणून! दोघांची एकाच दिवशी घेतली होती!"

"माझ्या मेसेजात तेरा आहे," आजोबा म्हणाले.

"माझ्यात चौदा आहे!"

वहिनीने दोघांचे फोन शेजारी शेजारी धरले. "आजी, तुमची वेळ किती वाजताची?"

"दुपारी तीन. ह्यांची सकाळी साडेआठ. म्हटलं, सकाळचेच तेवढे चुकतात की काय तुमच्याकडे?"

वहिनीने मान वर केली. ताईंनी वही उघडली. एकोणीसच्या एकोणीस जणांची वेळ सकाळी साडेनऊच्या आतली होती.

"भावजी," वहिनी हळू आवाजात म्हणाली, "आपला सर्व्हर सातासमुद्रापलीकडे आहे आणि तो तिथलंच घड्याळ पाळतो. आपण त्याच्या साडेनऊ तास पुढे. आपल्याकडे चौदाचे सकाळचे साडेआठ, तेव्हा त्याच्याकडे अजून तेराची रात्र. मेसेजातली वेळ तुम्ही आपल्या घड्याळावर आणलीत. आणि तारीख?"

"तारीख..." मी घसा खाकरला. "सर्व्हरने दिलेल्या ओळीतली तारखेची पहिली दहा अक्षरं कापली आणि तशीच चिकटवली. दिसायला फार सुबक होती."

"तपासून नाही बघितलंत?"

"पंचवीस वेळा! माझ्याच नावाने अपॉइंटमेंट घेऊन."

"कितीची?"

"दुपारी चारची. सकाळी कोण उठतंय?"

आजोबा इतके हसले की आजींना त्यांची पाठ चोळावी लागली. ताई मात्र हसल्या नाहीत. पिशवी छातीशी धरून त्या माझ्या हातातल्या कागदाकडे बघत होत्या, आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

बाराच्या ठोक्याला डॉक्टर बाहेर आले. मी त्यांच्यासमोरच 'काउंटरवरच्या ताई' खोडलं आणि तिथे माझं नाव लिहिलं.

"पुरावा?" डॉक्टरांनी विचारलं.

"गुन्हेगाराने कबुली दिलीय."

डॉक्टरांनी कागद दोनदा वाचला. मग ताईंकडे वळून ते म्हणाले, "ताई, चुकलो मी. तुम्हाला आधी विचारायला हवं होतं."

"हो, हवं होतं," ताई म्हणाल्या, आणि चष्मा पिशवीतून काढून नाकावर चढवला. मी कोडमधली ती तारखेची ओळ तिथेच बसून दुरुस्त केली. ताईंनी कीबोर्ड ओढला.

"यांच्या नावाने एक टाकते. उद्या सकाळी साडेआठ. मेसेज बरोबर जातो का बघू, आणि माणूस बरोबर येतो का तेही बघू."

मेसेज आला. चौदा तारीख, साडेआठ.

मी वेळेवर गेलो. ताई जागेवर होत्या. त्यांनी माझं नाव मुद्दाम तीनदा मोठ्याने पुकारलं. मी खुर्चीत आ वासून बसलो. दात सगळे ठणठणीत निघाले, तरी आलाच आहात तर एखादा काढू का, असं डॉक्टरांनी दोनदा विचारलं.