माने मास्तर आणि तिवरावरची गोगलगाय

कुणी नुसतं ‘पाखरू’ म्हटलं की माने मास्तरांचं डोकं फिरायचं. “पाखरू म्हंजे काय? व्हला का साळुंकी? उद्या तुमाला नुसतं ‘माणूस’ म्हणून हाक मारली तर चालंल?” एका लग्नात वाढपी “भाजी घ्या” म्हणाला, तर हे पानावरून उठायला निघाले. “कसली भाजी, ते सांग आधी!”

इस्लामपूरच्या हायस्कुलात ते शास्त्र शिकवायचे, मी मराठी. शाळेमागच्या खोलीत एकटेच राहायचे. चिडले की गावाकडचं बोलायचे, म्हणजे बहुतेक नेहमीच.

लढाईचे दिवस होते, पेट्रोलची टंचाई होती. चिपळूणची सुकी मासळी विकणाऱ्या हसनभाईंच्या पाटीला एक गोगलगाय चिकटून आली. बोराएवढी, टोकदार, करड्या रेघांची.

“खाडीत तिवराच्या झाडांवर असते ही,” हसनभाई म्हणाले. “भरती आली की वर चढते.”

मास्तरांनी ती मासळीच्या वासासकट शाळेत आणली. हेडमास्तर खूश झाले. इन्स्पेक्टर यायचे होते. “बरणीत घाला आणि चिठ्ठी लावा, ‘गोगलगाय’.”

“गोगलगाय?” मास्तर गरजले. “आवं, मग तुमच्या दारावर बी पाटी लावू की, ‘प्राणी’!”

मग आठवडाभर भिंग आणि जाडजूड इंग्रजी पुस्तक. शेवटी माझ्यावरच खवळले. “दोन जाती हायत, वरनं अगदी सारख्या. शंख फोडून आतलं अंग बघितल्याबिगर नाव कळत न्हाई. ही काय रीत झाली? नाव इचारायला जीव घ्यायचा?”

“मग घ्या की. गोगलगाय तर आहे.”

त्यांनी माझ्याकडं नुसतं रोखून बघितलं.

शंख फोडायला चिमटा काढून ठेवलाच होता. मास्तरांनी शंखावर खाडीसारख्या खाऱ्या, मिठाच्या पाण्याचे थेंब सोडले. शंखाच्या तोंडावरचं झाकण हललं, दोन शिंगं बाहेर आली आणि गोगलगाय त्यांच्या बोटावर चढू लागली. मास्तर हात न हलवता बसून राहिले. मग डाव्या हातानं चिमटा खणात टाकला.

शनिवारी त्यांनी रजा टाकली, नोकरीतली पहिली. कोळशावर चालणारी मोटार घाटात ढकलत ते चिपळूणला गेले आणि तणतणतच परतले.

“सोडली?” मी त्यांच्या खोलीवर जाऊन विचारलं.

“सोडली. झाडाला लावली, तर सरासरा वर! इतके दिस संगट ऱ्हायली, पर एकदा मागं वळून बघितलं न्हाई, गड्या!”

मला हसू आलं. ते हसले नाहीत. मी उठायला लागलो.

“बस की रं. घरी काय काम हाय?”

त्यांनी चहा टाकला. खोलीत कप एकच होता. तो त्यांनी माझ्यापुढं सरकवला आणि स्वतः वाटीनं चहा प्यायले.