थंडगार अणूंची विहीर

पाड्यावरच्या पोरांना जगातलं सगळ्यात ताजं विज्ञान शिकवायचंच, असं मी ठरवलं होतं. साल २००२, महिना मार्च. मी मोखाड्याच्या पलीकडे एका पाड्यावर मास्तर. वर्तमानपत्राच्या पुरवणीत वाचलं, की शास्त्रज्ञ लेसरच्या प्रकाशानं अणूंना इतकं गार करतात, की धावपळ सोडून ते रवंथ करणाऱ्या म्हशीसारखे सुस्त होतात. मग त्यांना खाली पडू द्यायचं. जमिनीच्या पोटात पोकळी असली, पाणी असलं, तर त्यांच्या पडण्यात किंचितसा फरक पडतो आणि आत काय आहे ते कळतं.

मी जव्हारहून थर्माकोलच्या खोक्यात बर्फ आणला. एसटीत, मांडीवर. पत्र्याची शाळा तव्यासारखी तापलेली, म्हणून वर्ग उतारावरच्या झाडाखाली भरवला. गोट्या म्हणजे अणू, बॅटरी म्हणजे लेसर. "अशा यंत्रानं जमिनीतलं पाणीसुद्धा सापडेल," मी ऐटीत सांगितलं.

सातवीतल्या प्रगतीनं घरी जाऊन तेवढं शेवटचं वाक्य सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिची आजी हिराबाई वीसेक बाया घेऊन माझ्या दारात. सगळ्यांच्या डोक्यावर रिकामे हंडे. झरा तासाभराच्या वाटेवर.

"गुरुजी, पानी कुठं हाय?"

"अहो, ते यंत्र परदेशात असतं. खोलीएवढं."

"मग काल झाडाखाली काय ठेवलं होतं?"

"बर्फ."

"तिथं जमीन ओली झालीय."

"बर्फ वितळला, हिराबाई."

"असंल," ती म्हणाली आणि सगळ्या पाड्याला सांगत सुटली, की गुरुजींच्या यंत्रानं जागा दाखवली.

दुपारपर्यंत तिचा मुलगा ढवळू आणि आठ गडी पहारी घेऊन झाडाखाली. मी शाळा सुटली की काठावर उभा राहून त्यांना अणू समजावायचो. ते मान डोलवायचे आणि खणायचे. चौथ्या दिवशी गुरुत्वाकर्षणावर आलो आणि काठ ढासळला. मी थेट खड्ड्यात.

ढवळूनं मला उठवलं, धूळ झटकली. "खाली आलाच हाय, तर घमेलं भरा."

भरलं. त्या दिवसापासून मी रोज भरलं. आपल्या नावावर कोरडा खड्डा राहायला नको, या जिद्दीनं हाताला फोड येईपर्यंत भरलं. नवव्या दिवशी माती ओली लागली, मग चिखल, मग माझ्या घोट्यापर्यंत गार पाणी. बायांनी वरून आरोळी ठोकली. मला रडूच आलं.

संध्याकाळी हिराबाईनं पहिला हंडा भरला.

"मला ठावं होतं," ती सहज म्हणाली. "भर उन्हाळ्यात तिथं गवत हिरवं राहतं. दहा वर्सं सांगतेय. बाईचं कोन ऐकतंय? म्हणून तुमचं यंत्र पुढं केलं."

"मग मला तरी आधी सांगायचं. मी सहा दिवस घमेली उचलली."

"सांगितलं असतं, तर तुम्ही वर उभं राहून शिकवतच बसला असता," ती हंडा डोक्यावर चढवत म्हणाली. "आन् खाली एक गडी कमी होता."